श्रीकृष्ण जन्मोत्सवाची चित्रे आणि आपले ग्वाल्हेर

श्रावण वद्य अष्टमीस मध्यरात्री श्रीकृष्णजन्म साजरा होतो. उत्तरेकडील पंचांगात हीच तिथी भाद्रपदात गणली जाते. या उत्सवाच्या चित्रांत काय पाहावे, याची माहिती भाविकांस व्हावी या हेतूने आम्ही हा लेख देत आहोत.

नंदमहोत्सवाची पिछवाई

देवाच्या मूर्तीमागे लावावयाचा चित्रित कापडी पडदा म्हणजे पिछवाई. या कलेचे मुख्य स्थान राजस्थानातील नाथद्वारा होय. श्रीनाथजी तेथे १६७२ मध्ये विराजमान झाले. नंदमहोत्सवाच्या चित्रात डावा हात उंचावलेले श्रीनाथजी, पुढे पाळण्यात बालकृष्ण, जवळ नंद-यशोदा आणि भोवती आनंदाने नाचणारे गोप-गोपी दिसतात.

हे दृश्य केवळ पुराणातील गोकुळाचे नव्हे. जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मंदिरातील सेवेकरी नंद-यशोदेचा वेष घेऊन पाळणा हलवितात व हळदमिश्रित दूध-दही उधळतात. आपल्याकडील गोपाळकाल्याचा दिवसही हाच. चित्रकाराने गोकुळ आणि मंदिर एकाच पटावर आणल्यामुळे असे चित्र पूजनीय तर असतेच, शिवाय उत्सवाच्या विधीची नोंदही ठरते.

ग्वाल्हेरचा उत्सव

फुलबागेतील गोपाळ मंदिर श्रीमंत माधवराव शिंदे यांनी १९२१ मध्ये उभारले. संस्थानकाळातील येथील रत्नजडित अलंकार अनेक वर्षे बँकेत बंद होते. २००७ पासून ते जन्माष्टमीस राधाकृष्णांच्या मूर्तींवर चढविले जाऊ लागले. हा शृंगार एका दिवसाचा असतो. त्यानंतर अलंकार पुन्हा बँकेत जातात. असे क्षणिक दर्शन चित्रातच टिकून राहते.

चित्रकारांची परंपरा ग्वाल्हेरलाही आहे. लश्करमधील चितेरा ओळीचे नाव येथील चिताऱ्यांवरून पडले. विवाहप्रसंगी घराच्या भिंतींवर गणपती, हत्ती व घोडेस्वार रंगविण्याचे त्यांचे काम. आता बहुतेक घरी छापील चित्रांनी ती जागा घेतली आहे.

भाविकांस विनंती

आपल्या घरी उत्सवाचे जुने चित्र असल्यास ते ओल्या फडक्याने पुसू नये. समई व उदबत्तीच्या धुरापासून ते दूर ठेवावे. भिंतीवरील चित्रावर रंग देण्यापूर्वी त्याचे छायाचित्र अवश्य घ्यावे. त्यात कोणता उत्सव आहे, कोण कोण दाखविले आहेत, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. ही ओळख एकदा पुसली गेली की चित्र केवळ शोभेचे उरते, अशी आम्हांस चिंता वाटते.