परवचा, पाठांतर आणि मुलांचे नाटक

जुन्या गावठी शाळेचे वर्णन मराठीत जेथे जेथे येते, तेथे बहुधा आधी आवाज ऐकू येतो. पंतोजी ओसरीवर बसलेले, मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत असलेली, आणि दिवस कलला की पावकी-निमकीचा परवचा. एकाने सांगावे, बाकीच्यांनी म्हणावे. अर्थ कळो न कळो, ताल चुकत नसे. समूहस्वर ही गोष्ट आपल्या प्राथमिक शिक्षणात बाहेरून आलेली नाही, ती होतीच. भावाला मात्र त्यात जागा नव्हती. आकडा असो वा श्लोक, सूर एकच. छापील क्रमिक पुस्तके आल्यावर एकेका मुलाने उभे राहून धडा वाचून दाखवावा आणि साहेबांनी त्याचे उच्चार तपासावेत, एवढी भर पडली. या दोन्ही रीतींत सर्वाधिक सोसले ते अडखळत वाचणाऱ्या मुलाने. परवच्यात तो नुसते ओठ हलवी आणि एकट्याने वाचण्याची पाळी आली की उघडा पडे.

हा सूर बदलण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाले. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी आश्रमातील मुलांसाठी १९०८ मध्ये ‘शारदोत्सव’ लिहिले. तेथे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच रंगस्थळावर उभे राहत. परंतु ती एका महाकवीची नाटके होती, आणि आश्रम म्हणजे सामान्य शाळा नव्हे. सामान्य शाळेतील सामान्य शिक्षकाने काय करावे, या प्रश्नाला अधिक थेट भिडले ते भावनगरचे गिजुभाई बधेका (१८८५-१९३९).

गिजुभाई पेशाने वकील. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवनात आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. माँटेसरीबाईंच्या विचारांनी ते भारावलेले होते. इंद्रियशिक्षण, स्वयंशिक्षण, शिक्षा व बक्षिसे यांचा त्याग हे सारे त्यांनी मनापासून स्वीकारले. एका बाबतीत मात्र त्यांनी गुरूची वाट सोडली. लहान मुलाला कल्पित जगात नेण्याविषयी माँटेसरीबाई साशंक होत्या. राजा-राक्षसांच्या गोष्टींपेक्षा त्याचा वास्तवाशी परिचय त्यांना मोलाचा वाटे. गिजुभाई काठेवाडच्या लोककथांवर वाढलेले. त्यांनी गोष्ट सोडली नाही, उलट तिचे शास्त्र मांडले. ‘वार्तानुं शास्त्र’ या त्यांच्या ग्रंथात गोष्टींची निवड, त्यांचा क्रम आणि सांगण्याची रीत यांचा विचार आहे. गोष्ट ऐकणारे मूल थोड्याच वेळात तिच्यातले कोणीतरी होऊ पाहते, हे ज्याने पाहिले तो नाटकापाशी येणारच. मुले त्यांना ‘मूछाळी मा’, मिशीवाली आई, म्हणत; या नावातही अभिनयाचा थोडा अंश आहे.

‘दिवास्वप्न’ या त्यांच्या पुस्तकात लक्ष्मीराम नावाचा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी प्रयोगाला मागून घेतो. पहिल्या दिवशी त्याचा शांततेचा खेळ पार फसतो, मुले गोंधळ घालतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग त्याच्या स्वाधीन होतो. पुढे गोष्टीची पुस्तके मुलांच्या हाती जातात, पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे वाचनालय उभे राहते, आणि गोष्टींतून नाटके निघतात. संवाद आधी लिहून घोकायचे नाहीत, गोष्ट पुरती कळली की बोलणे आपोआप सुचते, ही त्यामागची श्रद्धा होती. पाहुण्यांसमोर सादर करण्यासाठी निवडक मुलांकडून पाठांतर करून घेण्याच्या रूढीवर पुस्तकात जी टीका आहे, तिचा रोख कलेच्या कसापेक्षा नीतीकडे आहे. ज्याची निवड होत नाही त्या मुलाला शाळा काय सांगते, हा गिजुभाईंचा खरा प्रश्न. वार्षिक स्नेहसंमेलनांचा आपल्याकडील थाट पाहता तो जुना झाला, असे म्हणवत नाही.

या विचाराला मराठीत आणण्याचे श्रेय ताराबाई मोडकांचे (१८९२-१९७३). मुंबईत जन्मलेल्या ताराबाई राजकोटला प्राचार्या होत्या. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाईंसह काम करू लागल्या. नूतन बालशिक्षण संघ १९२६ मध्ये स्थापन झाला आणि ‘शिक्षणपत्रिका’ पुढे मराठीतही निघू लागली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. शहरी, सुशिक्षित घरांतील मुलांपुरता हा प्रयोग तेथेच स्थिरावला असता, तर तो एका वर्गाचा छंद ठरला असता. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी गाठली. तेथे अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांना मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले.

कोसबाडला प्रश्नच निराळा होता. वारली मुलाच्या घरची बोली एक, पुस्तकातील मराठी दुसरी. शिवाय गुरे राखायला जाणारे मूल शाळेत येणार कधी? म्हणून शाळाच कुरणात गेली. ‘कुरणशाळा’ हे तिचे नाव. अशा मुलापुढे छापील धडा ठेवून ‘भाव आणून वाच’ म्हणणे म्हणजे त्याला दोनदा परके करणे होते. तेव्हा आधी बडबडगीते, हावभावांसह म्हणायची गाणी, प्राण्यांच्या चाली आणि आवाज, गोष्ट सांगणे आणि करून दाखवणे, अक्षर त्यानंतर. हातात हात गुंफून तारप्याच्या सुरावर फिरणाऱ्या समाजातील मुलाला समूहाचा ताल शिकवावा लागत नाही. अनोळखी असतो तो शब्द, आणि तो तालाच्या आधाराने तोंडी बसतो. परवच्यातही ताल होताच; पण येथे त्याच्याबरोबर देह आणि अर्थ दोन्ही चालत होते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणणाऱ्या ‘विकासवाडी’च्या रचनेमुळे बालवाडीतले गाणे पहिलीच्या वाचनापर्यंत पोचू शकले, ही बाब सहसा नोंदली जात नाही.

याच सुमारास मुंबईत बालरंगभूमीचा उदय झाला. १९५९ मध्ये सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’ने रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले, आणि मतकरींनी पुढे स्वतःची संस्था काढली. पुण्यात मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये जर्मन ‘ग्रिप्स’ची परंपरा आणली, तेथे मोठी माणसेच मुलांच्या भूमिका करतात. मुलांना उत्तम प्रेक्षक बनविण्याचे हे काम मोठे आहे, पण वर्गातील नाटकाचे काम ते नव्हे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये शिक्षणातील नाट्यासाठी स्वतंत्र पथक उभारले, तेव्हा कुठे शाळा आणि नाट्यव्यवसाय या दोन वाटा जवळ आल्या.

साठ मुलांचा वर्ग, एक शिक्षक आणि रंगमंच नाही, अशा ठिकाणी उरते ते समूहाचे साभिनय वाचन. त्याची रीत साधी आहे. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा आणि मेणाच्या घरातील चिमणी यांची गोष्ट घ्यावी. निवेदन एका रांगेला, पावसाचा आवाज दुसरीला. चिमणीचे निमित्त दर वेळी नवे असते, म्हणून तिचे वाक्य सफाईने वाचणाऱ्याकडे जाते. कावळ्याची विनवणी मात्र तीच ती. ती अडखळणाऱ्या मुलाला द्यावी. पहिल्या वेळी तो अक्षरे लावीत वाचतो. दुसऱ्या वेळी निम्मे आठवते, तिसऱ्या वेळी तो भिजलेला असतो, आणि चौथ्या वेळी दार ठोठावताना त्याचे बोट पुस्तकावर नसते.