शिक्षा कुणाला? जन्माला!

शिक्षा गुन्ह्याची व्हावी हे शाळेतलं पोरही सांगेल. या देशात मात्र जन्माचीच शिक्षा झाली. तीही कायद्यानं!

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचं पोर सुतार, विणकराचं विणकर, तसं चोराचं पोर चोर, हा त्यामागचा विचार. शास्त्र मनूचंच, टोपी तेवढी साहेबाची. सरकारनं जमात एकदा जाहीर केली की कोर्टात दाद नाही. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायला पास घ्या. १८९७ च्या दुरुस्तीनं ४ ते १८ वर्षांची पोरं आईबापापासून तोडायची सोय झाली. १९११ साली कायदा साऱ्या देशाला लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. आतली माणसं गिरणीत राबायची अन् पुन्हा कुंपणात यायची.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार जमाती यांना एका ओळीत बसवलं. ही तिन्ही माणसं ज्या संस्कृतीनं घडवली, तिला संस्कृती कसं म्हणायचं, हा त्यांचा सवाल होता.

१९४९-५० साली अय्यंगार समितीनं चौकशी केली. तिचं म्हणणं सरळ होतं: जमात बघू नका, माणसाचा स्वतःचा गुन्हा बघा. सराईतांसाठी जातपात न बघता कायदा करा, आणि या लोकांच्या पुनर्वसनाला पैसा द्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला जुना कायदा गेला. जमाती 'विमुक्त' झाल्या.

झाल्या का? सरकारनं अहवालातलं सोपं तेवढं उचललं. राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर जात नव्हती, पण चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा पालावरच जायचे. पुनर्वसनाचं पान मात्र फाईलीत राहिलं. २००० साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं हे कायदेही रद्द करायला सांगितलं. तोही कागद पडून राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाला तुरुंगाच्या नियमावल्यांतून जात खोडायला सांगावं लागलं. विमुक्त जमातीचा म्हणून कुणी सराईत ठरत नाही, हे बजावावं लागलं. मुक्तीनंतर ७२ वर्षांनी!

तेव्हा अहवाल आला म्हणून हार घालू नका. पालावरचं पोर पोलिसांनी उचललं, की चौकीत जाऊन एवढंच विचारा: साहेब, याचा गुन्हा दाखवा. जात आम्हांला ठाऊक आहे.