खुतब्यातली नावे आणि होनाचा भाव

शुक्रवारच्या नमाजाआधी खुतब्यात कोणाची नावे घ्यायची, हा मध्ययुगात मशिदीपुरता प्रश्न नव्हता. राज्य कोणाचे, हे त्यावरून ठरे. १६३६ साली गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाने शहाजहानला जो इन्कियादनामा, म्हणजे ताबेदारीचा कबुलीजबाब लिहून दिला, त्यात हे स्पष्ट दिसते.

कुतुबशाही शिया. तिच्या खुतब्यात बारा इमामांची नावे घेत आणि त्यांच्या जोडीला इराणच्या सफवी शहाचे. अब्दुल्लाने कबूल केले की, यापुढे बारा इमामांच्या जागी चार खलिफांची नावे घेतली जातील, इराणच्या शहाच्या जागी शहाजहानचे येईल, नाणी शहाजहानच्या नावाने पडतील आणि दरसाल दोन लाख सोन्याचे होन खंडणी पोचेल. पंथ, सार्वभौमत्व आणि पैसा अशा तिन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या.

एवढाच कागद वाचला, तर सुन्नी बादशहाने शिया राज्याला वाकवले, असे वाटेल. म्हणून त्याच वर्षीचा विजापूरशी झालेला तह शेजारी ठेवून वाचावा लागतो. महंमद आदिलशहा सुन्नी होता, तरी मोगलांच्या तीन फौजांनी त्याचा मुलूख उजाड केला. राजधानी वाचवण्यासाठी विजापूरकरांना शहापूरच्या तलावाचा बांध फोडून भोवतालचे रान पाण्याखाली घालावे लागले. या तहातली कलमे निजामशाहीच्या वाटणीची, वीस लाख रुपयांच्या पेशकशीची आणि आपल्या शहाजीराजांची आहेत. जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मोगलांना दिल्याखेरीज आदिलशहाने त्यांना चाकरीत घेऊ नये, असे बजावले आहे. विजापूरच्या खुतब्यात इराणचा शहा नव्हता, म्हणून तिथे वाद जमिनीचा आणि किल्ल्यांचा झाला.

इराणच्या शहाचे नाव शहाजहानला का खुपत होते, याचे उत्तर कंदाहारात आहे. १६२२ साली सफवींनी ते ठाणे मोगलांकडून घेतले होते. त्या शत्रूचे नाव दख्खनच्या मशिदींत दर शुक्रवारी घेतले जाणे, ही बादशहाच्या लेखी राजकीय आगळीक होती. १६३८ साली सफवींच्याच सुभेदाराने, अली मर्दान खानाने, कंदाहार मोगलांच्या हवाली केले, तेव्हा तो इराणहून आला म्हणून अडला नाही. त्याला मोठी मनसब मिळाली.

वीस वर्षांनी, १६५६ साली, औरंगजेब गोवळकोंड्यावर चालून गेला. तेव्हाच्या मागण्यांत हिशेब आहे तो होनाचा. होनाचा भाव चार रुपयांवरून पाचावर गेला होता. कुतुबशहा जुन्याच भावाने वर्षाला आठ लाख रुपये भरत राहिला, म्हणून मागच्या वर्षांचा फरक त्याच्याकडे मागितला गेला. दुसरे निमित्त मीर जुमल्याचे. कुतुबशाहीचा हा वजीर मूळचा इराणातल्या अर्दिस्तानचा. तो मोगलांकडे गेला आणि त्याच वर्षी शहाजहानचा वजीर झाला.

हे कागद ओळीने लावले की, पंथ खोटा ठरत नाही. इमामांची नावे खुतब्यातून निघाली, तेव्हा गोवळकोंड्याच्या श्रद्धावंतांना झालेली जखम खरीच होती. पण ती जखम करणाऱ्या हाताला हवे होते ते कंदाहार, किल्ले आणि होन.