‘रो’ : वल्ह्याच्या एका शब्दाचा प्रवास

स्वीडिश भाषेत ‘रो’ म्हणजे वल्हवणे. त्याच उच्चाराचा दुसरा ‘रो’ म्हणजे स्वस्थता. दोघांची मुळे वेगळी आहेत. दवाखान्यात मी चिठ्ठीवरचे नाव दोनदा वाचतो, तसे शब्दांच्या बाबतीतही करावे लागते.

वल्ह्याच्या ‘रो’चे गोत मोठे आहे. इंग्रजीतला ‘रो’ त्याचा सख्खा भाऊ. लॅटिन ‘रेमुस’ आणि आपले संस्कृत ‘अरित्र’ हे चुलत घराण्यातले. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अश्विनीकुमार समुद्रात सापडलेल्या भुज्यूला शंभर अरित्रांच्या नावेतून घरी आणतात. ‘अरीपासून त्राण करते ते अरित्र’ अशी फोड कानाला गोड लागते, पण ती खरी नव्हे. खणण्याचे ते खनित्र, तसे नाव चालवण्याचे ते अरित्र.

आता उत्तरेकडे जाऊ. फिनलंडचे लोक आजही स्वीडनला ‘रुओत्सी’ म्हणतात. वल्हेकऱ्यांना उद्देशून असलेल्या जुन्या नॉर्स शब्दापासून हे नाव आले, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. हे दर्यावर्दी बाल्टिक ओलांडून नद्यांत शिरले, आणि नदीत शिडापेक्षा वल्हेच कामाचे. फिनिश नाव स्लाव तोंडी ‘रुस्’ झाले. त्यावरूनच पुढे रशिया.

इ. स. 839 मध्ये बायझंटाइन सम्राटाच्या वकिलांबरोबर ‘ऱ्होस’ म्हणवणारी काही माणसे फ्रँक सम्राट लुई याच्या दरबारी आली. चौकशीत ती स्वीडिश निघाली. हेर असावेत म्हणून लुईने त्यांना थांबवून ठेवले!

नऊ शतकांनंतरही संशय फिटला नव्हता. 1749 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत गेरहार्ड म्युलर हे मत व्याख्यानातून मांडणार होता. लोमोनोसोव्हने कडाडून विरोध केला. स्वीडनशी झालेली लढाई ताजी होती, म्युलर जन्माने जर्मन. राष्ट्राचा अपमान ठरला. व्याख्यान झाले नाही, छापलेल्या प्रतीही नष्ट करण्यात आल्या. नावाच्या मुळाशी मालकी जोडली की असे होते. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हे निराळे सांगायला नको. लोमोनोसोव्ह मोठा शास्त्रज्ञ होता, पण इथे त्याने पुराव्याला उत्तर देण्याऐवजी पुरावा मांडणाऱ्यालाच गप्प केले.

पुरावा मात्र दुसरीकडे सुरक्षित होता. दहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने नीपर नदीवरच्या धोंडाळ प्रपातांची नावे लिहून ठेवली, एकदा स्लाव भाषेत आणि एकदा ‘रुस्’ भाषेत. ‘रुस्’ म्हणून दिलेली नावे नॉर्स आहेत. त्या खडकांतून नावा कशा काढायच्या, कुठे माणसांनी पाण्यात उतरायचे आणि कुठे नाव खांद्यावर घ्यायची, हेही त्याने तिथेच नोंदवले आहे.