कॅसेट आली का?

परवा रात्री साडेअकरा झाले तरी लेक मोबाईल घेऊन बसलेली. म्हटलं, झोप आता, सकाळी पेपर आहे. तर म्हणाली, "थांबा ना पप्पा, बारा वाजता जयंतीचं नवीन गाणं येणारंय." स्क्रीनवर मिनिटं-सेकंद उलटे पळत होते. बाराला गाणं आलं, पाच मिनिटांत ऐकून झालं आणि पोरगी झोपली. मला मात्र झोप लागेना.

कारण अशी वाट मी पण बघितलीय. फक्त ती अर्ध्या तासाची नव्हती, तीन आठवड्यांची होती. आज तिच्याबद्दल लिहितो. पोस्ट लांब आहे, पण शेवटी एक कबुली द्यायची आहे, म्हणून पूर्ण वाचा.

साल १९९४. मी आठवीत. मराठवाड्यातलं आपलं हे तालुक्याचं गाव, आणि गावात आमचं भीमनगर. तीनच महिन्यांपूर्वी, १४ जानेवारीला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. आजच्या पोरांना ही एक सरकारी घोषणा वाटेल. पण विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला होता २७ जुलै १९७८ ला. ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसं मेली, कित्येक कुटुंबं गाव सोडून गेली. १९७९ ला नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. एका नावासाठी सोळा वर्षं लागली, आणि मिळाला तो नामविस्तार. "मराठवाडा" तसंच ठेवून त्याआधी "डॉ. बाबासाहेब आंबेडकर" लागलं.

त्यामुळे त्या वर्षीची १४ एप्रिल साधी नव्हती. आणि सगळ्या भीमनगरला एकच प्रश्न पडला होता : यंदाच्या कॅसेटमध्ये नामविस्ताराचं गाणं असणार की नाही?

स्टँडसमोर एका काकांचं कॅसेटचं दुकान होतं. दुकान कसलं, सहा बाय आठची टपरीच. मागच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत कॅसेटी, पुढे एक डेक, आणि बाहेर स्पीकरचा डबा. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, दहावीची परीक्षा संपल्यापासून रोज संध्याकाळी तिथं जायचा. मी त्याच्या मागे.

"काका, आली का?"

"उद्या. मुंबईहून पार्सल निघालंय."

हे "उद्या" आम्ही बारा-तेरा दिवस ऐकलं.

दादाला हवा होता आनंद शिंदेंचा आवाज. आज कोणी कुठल्या परदेशी गायकाचं चाहतेपण सांगतं, कोणी कोरियन पोरांचं. आमच्यासाठी पॉप स्टार म्हणजे आनंद शिंदे. ऐंशीच्या दशकात त्यांच्या पोपटाच्या गाण्यानं महाराष्ट्रातलं एक लग्न, एक वरात सोडली नव्हती. तोच आवाज एप्रिलमध्ये भीमगीत गायचा तेव्हा अंगावर काटा यायचा. त्यांचे वडील प्रल्हाद शिंदे म्हणजे तर वेगळीच गोष्ट. गणपतीच्या मांडवात तेच, आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यावर तेच, आणि जयंतीच्या स्टेजवरही तेच. ज्यांना आमच्या वस्तीचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या देवघरात हा आवाज रोज सकाळी लागायचा. ह्यावर कोणी काही बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं.

आता हे सगळं टपरीपर्यंत पोहोचलं कसं, तो इतिहास थोडक्यात सांगतो. फिलिप्सनं कॅसेट काढली १९६३ ला. पण आपल्याकडे १९८० च्या सुमारापर्यंत गाणं म्हणजे रेकॉर्ड, आणि रेकॉर्ड म्हणजे जवळपास एकच कंपनी, एचएमव्ही. कुणाचा आवाज छापायचा हे मोजकी माणसं ठरवायची. रेकॉर्ड प्लेअर गावात एखाद्याच्याच घरी. मग आखातात कामाला गेलेली माणसं टेपरेकॉर्डर घेऊन यायला लागली, आयातीचे नियम सैल झाले, आणि टेप स्वस्त झाली. १९८३ ला गुलशन कुमारांची टी-सिरीज सुरू झाली. त्यांच्यासारख्या कितीतरी लहान-मोठ्या कंपन्या निघाल्या. कॅसेट काढायला मोठा कारखाना लागत नव्हता. एक स्टुडिओ, कॉपी करायची मशीन आणि एजंट एवढ्यावर काम भागायचं. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं ह्याच विषयावर १९९३ ला "कॅसेट कल्चर" नावाचं आख्खं पुस्तक लिहिलं. ज्यांचा आवाज रेकॉर्डवर कधी चढला नसता, तो टेपवर चढला. गावोगावचे कव्वाल, शाहीर, गोंधळी, सगळे.

महाराष्ट्रात ह्या नव्या कॅसेटींची तारीख कंपनीनं नाही, पंचांगानं आणि जयंतीनं ठरवली. आषाढीच्या आधी विठ्ठलाची, श्रावण सरला की गणपतीची, एप्रिलच्या आधी भीमगीतांची. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी कॅसेटींचे ढीग असायचे. तिथून येणारा माणूस एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात कॅसेट घेऊनच घरी यायचा. घरात अक्षर ओळखणारं कोणी नसलं तर पुस्तक फळीवर राहायचं, कॅसेट मात्र वाजायची.

पत्रकार म्हणून आज मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या आजीनं पेपर कधी वाचला नाही, पण महाडचं तळं, १९२७ साल, रमाईचे हाल, पुणे करार हे सगळं तिला माहीत होतं. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे ही नामांतराच्या लढ्यातली नावं मला शाळेनं सांगितली नाहीत, टेपनं सांगितली. वामनदादा कर्डकांसारख्या माणसानं आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली, म्हटली. त्या पायवाटेचाच कॅसेटनं पुढे रस्ता केला. आम्ही वाट बघत होतो ती नुसत्या गाण्याची नव्हती. यंदा आपल्याबद्दल काय सांगितलं जाणार, ह्याची होती.

आणि ते मोठ्यानं वाजणार, ह्याचीही. हे गाणं मोठ्यानं वाजवणं कधीच फुकटात मिळालेलं नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाचा खून झाला. मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली आणि त्यावरून वाद झाला, अशी बातमी तेव्हा सगळीकडे आली होती. ज्यांना गाणं हा टाईमपास वाटतो त्यांनी ही बातमी आठवावी.

असो. परत १९९४.

पार्सल १२ एप्रिलला दुपारी आलं. काकांनी खोकं फोडलं तेव्हा टपरीपुढे तीस-चाळीस पोरं. दादानं घेतली ती तीन-चार गायकांची मिळून काढलेली कॅसेट होती. दोन गाणी आनंद शिंदेंची. काकांनी प्लास्टिक काढून डेकला लावली, कारण तेव्हा वाजवून बघितल्याशिवाय कोणी पैसे द्यायचं नाही. ए साईड झाली. दादाचा चेहरा पडला. बी साईड लावली. पहिलं नाही, दुसरं नाही, तिसरं गाणं सुरू झालं आणि त्यात विद्यापीठ आलं!

आवाज आनंद शिंदेंचा नव्हता. आम्ही कधी नाव न ऐकलेला कोणीतरी गायक होता. पण गाणं असं म्हटलं होतं की काकांनी न सांगता स्पीकरचा आवाज वाढवला. स्टँडवर एक एसटी उभी होती, तिच्या खिडकीतून बायका डोकावून ऐकत होत्या. त्या गाण्यासाठी आम्ही टेप इतकी मागे-पुढे केली की पुढच्या वर्षी ती त्याच जागी घासायला लागली.

आता कबुली.

दादा पुढे वाळूजला कंपनीत लागला, जाताना कॅसेट मला देऊन गेला. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला, एका पेपरला लागलो. २००१-०२ ची गोष्ट असेल. एका मंत्र्याची पत्रकार परिषद होती, रेकॉर्डर हातात होता आणि कोरी कॅसेट नव्हती. विकतच्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून वरच्या कडेला दोन खाचा उघड्या ठेवलेल्या असतात. त्यावर चिकटपट्टी लावली की होतं. मी लावली.

बी साईडवर मंत्री बोलले. सिंचनाबद्दल. त्यातलं एकही वाक्य आज कोणाच्या लक्षात नाही, खुद्द मंत्र्यांच्याही नसेल. कव्हरचा कागद कुठे गेला देव जाणे.

नंतर मी ते गाणं खूप शोधलं. यूट्यूबवर नाही, चैत्यभूमीच्या स्टॉलवर नाही. काका वारले, टपरीच्या जागी मोबाईल रिचार्जचं दुकान आलं. मागच्या दिवाळीत शेवटी दादाला सांगून टाकलं. वाटलं, चिडेल. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "अरे, गाणं तर मला पाठ आहे. पण म्हणणारा कोण होता, ते नाही आठवत बघ."

दादाचं ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून कायदा काढून बसलो. १९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकानं ठरलेल्या चार ग्रंथालयांना द्यावी लागते. १९५६ ला त्यात वर्तमानपत्रंही आली. म्हणजे त्या मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेची माझी बातमीही जपून ठेवायची सोय कायद्यात आहे. कॅसेट मात्र पुस्तक नाही, पेपर पण नाही. ती कुठे जमा करायची सक्ती कधीच नव्हती. म्हणून ज्या लोकांचा इतिहास पुस्तकापेक्षा आवाजात जास्त होता, त्यांचाच इतिहास कुठे जमा झाला नाही.

दुसरी अडचण हक्काची. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षं चालतो. १९९४ च्या कॅसेटवरचा हक्क २०५४ संपेपर्यंत. कंपनी बंद पडली तरी हक्क कोणाकडे तरी राहतोच. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क पक्का केला, चांगलंच झालं. पण ज्याचं नावच हरवलं त्याच्या घरी ती पोहोचणार कशी?

त्याच दुरुस्तीत एक उपयोगाची गोष्टही आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ प्रत असेल, तर जतनासाठी ती डिजिटल करून ठेवता येते. कायदा अडवत नाही. एक चालू डेक, एक कॉम्प्युटर आणि रोज तासभर बसणारा माणूस, एवढंच लागतं.

आपल्या नगरपालिकेच्या ग्रंथालयात हे होऊ शकतं. मी सोमवारी तसा अर्ज देणार आहे. पण आधी कॅसेटी पाहिजेत. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. तीस-पस्तीस वर्षं माळ्यावर पडलेल्या कॅसेटी आता शेवटच्या घटका मोजतायत. २००४ साली मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. त्यांची नावं तरी राहिली. बी साईडच्या तिसऱ्या गाण्यावाल्यांचं काय?

तेव्हा जयंतीच्या साफसफाईत जुनी कॅसेट सापडली तर भंगारात देऊ नका. भीमगीताची असो, भारुडाची असो, उरुसातल्या कव्वालीची असो. कव्हरवरची सगळी नावं वाचून खाली लिहा, अगदी बारीक अक्षरातली पण. आणि १९९४ ची, नामविस्ताराचं गाणं असलेली कोणाकडे असेल तर मला फोन करा. रात्री बारा वाजता केला तरी चालेल.

वाट बघायची सवय आहे आपल्याला.