पगारदाराची रेषा

व्यंगचित्रकला पूर्ण वेळ मागते, नोकरी सांभाळून ती करणारा फार तर हौशी राहतो, असे आपल्याकडे ठामपणे सांगितले जाते. कलेच्या वर्तुळातले जाणकार म्हणतात, रेषेला रोजचा रियाज लागतो. दिवसभर कचेरीत राबून आलेल्या हाताला तो कुठून झेपणार? घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, नोकरी नीट कर, चित्रे काय रविवारी काढता येतात. एकाला कलेची काळजी, दुसऱ्याला पोटाची. पण दोघांच्या मनात गृहीत एकच आहे : पगार आणि रेषा एका घरात सुखाने नांदत नाहीत. मला हे गृहीतच मान्य नाही. जूचंद्रसारख्या गावात राहणाऱ्याने तर ते मान्य करण्याचे काहीच कारण नाही.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. आर. के. लक्ष्मण १९४७ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त रुजू झाले, १९५१ पासून ‘यू सेड इट’ची चौकट काढू लागले आणि ती पुढे अनेक दशके चालली. सकाळी वर्तमानपत्रे वाचायची, दिवसभर त्यांवर विचार करायचा, संध्याकाळपर्यंत चित्र हातावेगळे करायचे, ही शिस्त दुसरी नोकरी करणाऱ्याला पाळता येणार नाही. बाळासाहेब ठाकरे ‘फ्री प्रेस जर्नल’मधून बाहेर पडले आणि १३ ऑगस्ट १९६० रोजी त्यांनी ‘मार्मिक’ सुरू केले. सगळे आयुष्य रेषेवर लावण्याची तयारी असल्याखेरीज असे पाऊल उचलता येत नाही. ही उदाहरणे खरी आहेत, मोठी आहेत, आणि दैनिकातल्या राजकीय व्यंगचित्रापुरता पूर्वपक्ष मला मान्य आहे. रोजच्या बातमीवर रोज भाष्य करायचे तर तोच दिवसाचा धंदा असावा लागतो.

पण या उदाहरणांतून निघतो त्यापेक्षा फार मोठा निष्कर्ष काढला जातो. लक्ष्मण हे वर्तमानपत्राचे पगारी नोकरच होते. त्यांची नोकरी चित्रे काढण्याची होती, एवढाच फरक. अशा जागा मराठी वृत्तपत्रसृष्टीत कधीही मोजक्याच होत्या, आज त्या आणखी कमी आहेत. ठाकऱ्यांचे उदाहरण तर उलट बाजूने बोलते : व्यंगचित्रकाराची पूर्णवेळ जागा मिळाली तरी मालकाशी मतभेद होतात, आणि स्वतःच्या मनासारखी रेषा काढायची तर ती जागाही सोडावी लागते. म्हणजे पूर्णवेळ होणे ही स्वातंत्र्याची हमी नव्हे.

शिवाय मराठी व्यंगचित्र काही केवळ दैनिकांत वाढलेले नाही. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती कारखान्याचे वार्तापत्र म्हणून, आणि नांगरांच्या त्या कारखान्याचे काम पाहता पाहता त्यांनी स्वतः व्यंगचित्रेही काढली. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा घातली, पुढे मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’सारखे विनोदी वार्षिक उभे राहिले आणि हास्यचित्रांना हक्काची जागा मिळाली. या बाजाराचे अर्थकारण मोसमी आहे. चित्रांची मागणी पावसाळ्यात येते, मानधन चित्रागणिक मिळते, अंक वर्षातून एकदा निघतो. ज्याला महिन्याचा किराणा दुसरीकडून येतो त्यालाच हा मोसम वर्षानुवर्षे निभावता येतो. दिवाळी अंकांच्या चित्रांतच हास्यचित्राची एक संथ, प्रसंगनिष्ठ जात वाढली : जी बातमीवर नव्हे तर माणसाच्या वागण्यावर बोट ठेवते, आणि दहा वर्षांनी पाहिली तरी शिळी वाटत नाही.

या जातीचा सर्वात मोठा पुरावा म्हणजे वसंत सरवटे. कोल्हापूरला १९२७ मध्ये जन्मलेले सरवटे स्थापत्य अभियंता होते आणि एसीसी या सिमेंट कंपनीत त्यांनी निवृत्तीपर्यंत नोकरी केली. चित्रे काढली ती त्या नोकरीच्या जोडीने. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने साहित्यिकांची फिरकी घेत; त्या ठणठणपाळाला चेहरा दिला सरवट्यांनी. दळवीही त्या काळात ‘युसिस’ या अमेरिकी माहिती खात्याच्या कचेरीत नोकरीला होते. म्हणजे मराठी साहित्यविश्वाला इतकी वर्षे हसवणारे आणि सावध ठेवणारे हे सदर दोन पगारदार माणसांनी मिळून चालवले. त्याला हौशी म्हणण्याची कुणाची छाती आहे?

अभियांत्रिकीमुळे सरवट्यांची रेषा तशी झाली, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला आधार लागतो. पण दोन गोष्टी निश्चित म्हणता येतात. घर चित्रांच्या मानधनावर चालत नसल्यामुळे न पटलेले चित्र काढण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. आणि ज्या मध्यमवर्गीय माणसाचे दंभ, धास्ती आणि छोटे आनंद त्यांनी चितारले, त्याच्यासारख्या माणसांतच त्यांचा कामाचा दिवस जात होता. त्यांनी चित्रे काढलीच, शिवाय व्यंगचित्राचा शास्त्रासारखा अभ्यासही केला. ‘परकी चलन’मध्ये परदेशी व्यंगचित्रे मराठी वाचकाला समजावून दिली, ‘व्यंगचित्र – एक संवाद’ लिहिले. पूर्णवेळ किती चित्रकारांनी आपल्या कलेचा इतका विचार लिहून ठेवला आहे?

परदेशातले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. अमेरिकेत स्कॉट अ‍ॅडम्स यांची ‘डिलबर्ट’ ही चित्रमालिका १९८९ मध्ये सुरू झाली, आणि १९९५ पर्यंत ते पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीत कामाला जातच होते. मालिकेचा विषय कचेरी हाच. तिथल्या बैठका आणि साहेबी तऱ्हा बाहेर बसून कल्पनेने रचता आल्या नसत्या.

पूर्वपक्षाकडे आणखी एक मुद्दा आहे, आणि तो सर्वात अवघड आहे : नोकरदाराची जीभ बांधलेली असते. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम ९ सरकारी नोकराला शासनावर जाहीर टीका करू देत नाही. हे बंधन खरे आहे आणि त्याला बगल देता येत नाही. पण त्याच नियमावलीतला नियम १५, कामात खंड पडणार नसेल तर, अधूनमधून साहित्यिक वा कलात्मक काम करण्यास पूर्वपरवानगीशिवाय मुभा देतो, हे सांगायला मात्र लोक विसरतात. मंत्र्यावर चित्र काढता येणार नाही. सोसायटीच्या सभेवर, लग्नाच्या मांडवावर, शाळेच्या प्रवेशावर, विरार लोकलच्या दारातल्या भांडणावर काढता येईल. समाजाचे हे क्षेत्र राजकारणापेक्षा लहान आहे, असे मी मानत नाही.

आता जूचंद्र. नायगावच्या पूर्वेला, चंडिकादेवीच्या डोंगराच्या आसऱ्याने वसलेले हे गाव रांगोळीकारांचे गाव म्हणून ओळखले जाते. दिवाळीत इथे रांगोळीची प्रदर्शने भरतात. त्यात ठिपक्यांच्या रांगोळीपेक्षा व्यक्तिचित्रे जास्त : कातडीवरच्या सुरकुत्या, डोळ्यांतले पाणी, कापडाची घडी, सगळे चिमटीतून सोडलेल्या रंगाने. ही चित्रे काढणारे बरेच जण एरवी नोकरी करतात किंवा धंदा सांभाळतात. कामावरून आल्यावर रात्र रात्र जमिनीवर वाकून बसतात. प्रदर्शन संपले की रांगोळी पुसली जाते. तरीही या कलेला गावात कुणी फावल्या वेळचा चाळा म्हणत नाही.

असे का, याचा विचार केल्यावर माझ्या लक्षात आले की जाणकार आणि वडीलधारे दोघेही चुकीच्या गोष्टीकडे बोट दाखवत आहेत. कलेला चाळा बनवते ती नोकरी नव्हे. चोख पाहणारे डोळे नसणे, हे ते खरे कारण. जूचंद्रात रांगोळी पाहायला येणारा माणूस नुसता ‘छान’ म्हणून पुढे जात नाही. साम्य आले आहे का, हनुवटी जड झाली आहे का, सावली कुठून पडली आहे, हे तो बोलून दाखवतो, कारण त्याच्या घरात, आळीत कुणीतरी रांगोळी काढते. पुढच्या वर्षी आपल्याला याच लोकांसमोर जायचे आहे, हे काढणाऱ्याला ठाऊक असते. सरवट्यांनाही असे डोळे मिळाले होते : ‘ललित’चा वाचक स्वतः लिहिणारा, वाचणारा, चुकीला न सोडणारा होता. रियाजाचे तास कमी पडतात तेव्हा ही नजर ती तूट बरीचशी भरून काढते, आणि नजर नसेल तर पूर्णवेळ चित्रकारही त्याच त्या ठरीव नाकांत आणि पोटांत अडकून पडतो.

किंमत मोजावी लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. वसईच्या पट्ट्यातून मुंबईला कामाला जाणाऱ्याचे रोजचे काही तास गाडीतच जातात, आणि त्या गर्दीत वही उघडायला हात मोकळा नसतो. तिथे पाहता तेवढे येते, काढायचे रात्रीच. ती रात्र बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या वाट्याची असते. मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधे तिच्यावर पडतात तेव्हा ह्याच्या चित्राला टेबल मिळते. नोकरी सांभाळून कला करणाऱ्या पुरुषांचे कौतुक करताना हा हिशेब सोडून देऊ नये. स्त्री व्यंगचित्रकार मराठीत इतक्या थोड्या का, याचे निदान एक उत्तर इथे आहे.

म्हणून गावातल्या मंडळांकडे माझे मागणे आहे. व्यंगचित्र काढणाऱ्या मुलामुलींना नोकरी सोडा किंवा चित्रे सोडा, यातले काहीच सांगू नका. दिवाळीच्या रांगोळी प्रदर्शनात एक भिंत व्यंगचित्रांसाठी मोकळी ठेवा. चित्रे मूळ कागदावरचीच लावा, काढणाऱ्याला चित्राजवळ उभे करा, आणि रांगोळी पाहतानाची तीच कडक नजर त्या भिंतीकडेही वळवा.