सालगडी

सालगडी : गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत एकाच शेतमालकाकडे साल धरून राहिलेला शेतमजूर. खानदेशात सालदार. ही नोंद मुख्यतः नांदेड जिल्ह्यातील भोकर आणि लगतच्या भागातील रिवाजावर बेतली आहे. लातूरकडे तपशील बदलतात.

काम : औत, पेरणी, फवारणी, बैलांचे वैरणपाणी, पिकाची राखण. मुक्काम बहुधा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीच्या जागी. कृषिपंपांना वीज पुष्कळदा रात्रीच मिळते, त्यामुळे रब्बीत दारे धरण्याचे (पिकाला पाणी देण्याचे) कामही रात्रीचे. कामाचे तास ठरलेले नसतात.

साल ठरणे : पाडव्याच्या आधी बोलणी होतात, बहुधा तोंडी. रोख रकमेखेरीज ज्वारी किंवा गहू, कपड्यांचा जोड, पायताण, घोंगडे यांचा सौदा होतो. पोळ्याला नवे कपडे देण्याची रीत आहे. अलीकडे सालाची रक्कम अनेक ठिकाणी लाखापुढे गेली आहे. धान्याचा वाटा त्या मानाने घटला.

उचल : सालाच्या रकमेपैकी आगाऊ दिलेला भाग. गडी टिकवण्याचे मालकाचे खरे साधन हेच. लिखापढी असलीच तर ती मालकाच्या वहीत : एका बाजूला उचल (पाडवा, पेरणी, दवाखाना, लेकीचे लग्न), दुसऱ्या बाजूला खाडे. खाडे पैशात कापायचे की साल संपल्यावर दिवस भरून घ्यायचे, यावरून पाडव्याला वाद होतात. बाकी निघाली की तोच गडी पुढच्या सालाला बांधला जातो किंवा नवा मालक ती बाकी भरून त्याला नेतो. वही मालकाचीच असल्याने तिच्यावरून गड्याची बाजू ठरवता येत नाही.

सालगडी पद्धत ही वेठबिगारी की करार, यावर मतभेद आहेत. हैदराबाद संस्थानात कर्जापोटी राबणाऱ्यास भगेला म्हणत आणि अशा करारांवर संस्थानानेच निर्बंध घातले होते. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, 1976 मधील प्रथांच्या यादीत ‘भगेला’ आहे, ‘सालगडी’ नाही. मात्र ती यादी उदाहरणादाखल आहे. कर्जापोटी काम सोडण्याची मुभा गेली, तर नाव काहीही असो, कायदा लागू होऊ शकतो.

किमान वेतन : शेतीकाम 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत होते. सालाची ठोक रक्कम दिवसावर आणि तासावर वाटून पाहण्याचा प्रघात नाही.

अपघात : साप, विजेचा धक्का, विहीर ही नेहमीची कारणे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या राज्य योजनेत खातेदार शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याच्या अपघाती मृत्यूनंतर 2 लाख रुपये मिळतात. भूमिहीन सालगडी त्यात बसत नाही. गडी टिकत नाही म्हणणाऱ्या मालकांनी त्याचा स्वतंत्र अपघात विमा काढणे हा स्वस्तातला उपाय होय, पण तो क्वचितच होतो.

आजची स्थिती : ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रांमुळे वर्षभराचे काम आटले, बैल आहेत तिथे मात्र गडी लागतोच. तरुण रोजंदारी, ऊसतोड किंवा शहर पसंत करतात. ऊसतोडीतही उचल मिळते, तीही हंगामापुरती. परिणामी पाडव्याआधी आता मालकच गड्याच्या दारी जातो. आखाड्यावर पक्की खोली, वीज, दुधासाठी गाय, गावी जायला ठरलेली सुट्टी अशा अटी गडी घालू लागले आहेत. गडी न मिळाल्यास जमीन बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्याने (ठरावीक रकमेवर) दिली जाते.

स्त्रिया : जोडीने साल धरल्यास बाईचे शेण, सारवण, खुरपण बहुधा नवऱ्याच्याच रकमेत धरले जाते.